तोंड नसलेलं ते आणि वल्लरी इंगोलेची खोली

सकाळचे सहा वाजलेत. तुम्ही तोंडात ब्रश धरून जिन्याखाली उभे आहात, आणि वरच्या खोलीत एकटी राहणारी बाई हळू आवाजात म्हणते आहे, "दार उघडू नका. बाहेर जे उभं आहे त्याला तोंड नाही. तरी ते तुमच्या आईच्या आवाजात हाक मारतंय." सांगा, काय कराल?

खरं सांगा हं. "आपल्याला काय करायचंय कुणाच्या भानगडीत" असलं सभ्य उत्तर इथे चालणार नाही. तुम्ही आधी कान लावाल. मग बायकोला उठवून तिलाही कान लावायला लावाल. दुपारपर्यंत बातमी इस्त्रीवाल्याकडून दूधवाल्याकडे जाईल आणि संध्याकाळी तुम्ही नवा भाडेकरू शोधायला दलालाला फोन कराल. चौदा पायऱ्या चढून, दार वाजवून, "बाई, काय चाललंय हो?" एवढं विचारायचं मात्र तुम्हाला सुचणार नाही.

इंदूरच्या तुकोगंजातल्या दत्तोपंत टाकळकरांनाही सुचलं नाही. वय एकाहत्तर. आजोबा होळकरांच्या दफ्तरात, वडील कचेरीत, स्वतः सरकारी रेकॉर्ड रूममध्ये अडतीस वर्षं. तीन पिढ्यांच्या नाकात कागदाची धूळ. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी माणूस रोज दाढी करून, शर्ट खोचून दहा वाजता व्हरांड्यात बसतो आणि कुणी काही विचारायला येतंय का याची वाट बघतो. कुणी येत नाही.

वरची ती बाई म्हणजे वल्लरी इंगोले. वाशिमची, तेहतीस वर्षांची, उंच, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याने मान वळवावी. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या नोकरीसाठी इंदूरला आली. अमेरिकेतल्या लोकांचे फोन घ्यायचे, त्यांचं मशीन का बंद पडलं ते ऐकायचं, शिव्या खायच्या. एका शुक्रवारी कंपनीने अख्खा मजला एका ईमेलवर घरी पाठवला. बाकीच्यांनी रडून घेतलं. वल्लरीनेही घेतलं, पण पाचच मिनिटं. मग तिच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण एक विद्या शिकलोय: समोरचा माणूस कधी घाबरतो, हे त्याच्या श्वासावरून आपल्याला कळतं.

त्या विद्येवर तिने धंदा उभा केला. धंदा असा. चार-पाच जण आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "तू आता बावडीच्या शेवटच्या पायरीवर आहेस, पाणी श्वास घेतंय, काय करशील?" असं सांगणारा विचारतो. खेळणारा म्हणतो, "मी कंदील खाली सोडतो." काही अवघड करायचं तर फासे टाकायचे. एक ते शंभरमधला आकडा येतो. आपल्या पात्राच्या अंगात जितकी कला, तितका किंवा त्याहून कमी आला तर जमलं, नाहीतर भोगा. गोष्ट भयाची, पण भुताखेतांची नाही. भूत बिचारं कधीकाळी माणूसच असतं, त्याला काहीतरी हवं असतं, उतारा टाकला की जातं. वल्लरीच्या गोष्टीत जे असतं ते चांदण्यांहून जुनं. त्याला आपल्याकडून काहीच नको असतं, आपण आहोत हेसुद्धा त्याच्या गावी नसतं. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी माणसाचं भान सुटायला लागतं. प्रत्येक पात्राच्या कागदावर भानाचा आकडा लिहिलेला असतो आणि तो खेळागणिक उतरत जातो.

"म्हणजे तहसील कचेरीत एक दिवस काढून या," ती नवख्यांना सांगायची, "तसंच."

लोक नाटकाला तिकीट काढतात तसं या खेळाला काढतात, आणि आनंदाने काढतात. तिकडची संध्याकाळ ती इकडची सकाळ, म्हणून तिचा खेळ सहाला सुरू आणि साडेनऊला बंद, मग खाली उतरून पोहे-जलेबी. तिला कुणी सर नाही, कुणी काका नाही, कुणाची चिठ्ठी नाही. पहिल्या खेळाला एकच माणूस आला होता आणि तोही अर्ध्यात उठून गेला. दोन वर्षांनी तिच्याकडे चार टेबलं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या चार टोळ्या होत्या आणि जागेसाठी लोक नाव लावून थांबायचे.

कारण सगळे जिथे बर्फातल्या अमेरिकन गावांच्या गोष्टी सांगत होते, तिथे हिने माळव्यात एक संस्थान रचलं. सोनकुंड. साल एकोणीसशे सव्वीस. त्या संस्थानच्या प्रत्येक खानेसुमारीत, म्हणजे शिरगणतीत, एक घर जास्त निघतं. ते घर कुणाला सापडत नाही, पण कागदावर ते असतं, आणि दर वेळी त्यातली माणसं वाढलेली असतात. त्या माणसांना तोंडं नाहीत. त्या कागदातूनच ते चांदण्यांहून जुनं जे काही आहे ते बाहेर यायला बघतंय.

आवाजांचं सामान सगळं स्वैपाकघरातलं. माइकजवळ मूठभर जाडी सेव चुरली की हाडांवरून कुणीतरी चालत येतंय. भिजवलेल्या साबुदाण्यात हात फिरवला की भिंतीतून काहीतरी ओलं सरपटतंय. परातीवर ओला अंगठा ओढला की ओहायोतली मार्गारेट नावाची रिटायर नर्स "ओह नो, ओह नो" म्हणत खुर्चीत पाय वर घेते. मार्गारेट पहिल्यापासूनची. दुसरा डेल, ट्रक चालवतो, सहा फूट चार इंच, आणि अंधार आला की त्याचा आवाज सातवीतल्या पोरासारखा होतो. आणखी दोघं होते. दर मंगळवारी सोनकुंड.

एक गोष्ट तिच्या टेबलावर पक्की होती. फाशाशी खोटं नाही. सुरुवातीला एकदा तिने मार्गारेटचं लाडकं पात्र मरू नये म्हणून आकडा बदलून सांगितला होता. मार्गारेटला कळलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "हरता येतं म्हणून मी येते इथे. बाकी सगळीकडे मला लोक समजूतच घालतात." वल्लरीला ते असं लागलं की त्या दिवसापासून एकही आकडा तिने कुणासाठी वाकवला नाही.

तर आता कचऱ्याकडे या. इंदुरात घरमालक भाडेकरूच्या खोलीत डोकावणार नाही कदाचित, पण त्याचा कचरा बघणारच. ओला ओल्यात आहे का, सुका सुक्यात आहे का, नाहीतर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर पाणउतारा करतो. दत्तोपंतांचा यात हात धरणारा कुणी नव्हता. गाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं की ते चिमटा घेऊन हजर. त्या सकाळी सुक्या कचऱ्यात त्यांना एक चुरगळलेला कागद मिळाला. अडतीस वर्षांची सवय, कागद दिसला की सरळ करायचा. सरळ केला.

वर्तुळात वर्तुळं काढलेली. खाली इंग्रजीत नावं. मार्गारेट: एक डोळा गेला. डेल: मंगळवारी विहिरीत. त्याच्या खाली लाल शाईत: पुढचा कोण? अमावस्येला ठरवणे.

ते तसेच चिमट्यासकट घरात गेले. शारदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कागद वाचला आणि पंचांग काढलं. "अहो, मंगळवारीच अमावस्या आहे."

"आणि तो साबुदाणा?" दत्तोपंत म्हणाले. "मी खिडकीतून पाहिलं ना. ही पोरगी उपास करत नाही, संडे को आमलेट खाती है, आणि रोज साबुदाणा भिजवते. खात नाही. नुसता हात घालून बसते."

"अगंबाई."

संध्याकाळी वल्लरीच्या दाराच्या फटीतून नोटीस आली. टाइप केलेली, तीन परिच्छेद, खाली सही, तारीख आणि जावक क्रमांक. घराला जावक क्रमांक! 'सदर जागेत अनुचित प्रकार आढळून आल्याने महिनाअखेर जागा रिकामी करून ताबा द्यावा.'

वल्लरी जिन्यावरच बसली. आधी हसू आलं, मग महिनाअखेरीला किती दिवस उरले ते तिने बोटांवर मोजलं. ही खोली तिला चार महिने वणवण करून मिळाली होती. एकट्या बाईला खोली बघायला पाठवून बघा एकदा. आडनाव काय? म्हणजे कोण तुम्ही? लग्न का नाही झालं? घरून काम म्हणजे कसलं काम, मॅडम? एकाने तर विचारलं, "सकाळी सहाला कुणाशी बोलता?" आणि उत्तर ऐकायच्या आत दार लावलं. शहर चकाचक ठेवायचा केवढा अभिमान, पण बाईकडे बघताना मनातला कचरा वेगळा काढायला कुठली गाडी येत नाही. खोली गेली तर वाशिमला परत. तिकडे दिवसात तीनदा लाइट जाते आणि खेळ मध्येच दोनदा तुटला की लोक दुसरीकडे वळतात. सोनकुंड संपायला पाच मंगळवार उरले होते. दोन वर्षांचं काम, आणि एका चिमट्याने ते उचललं.

ती खाली जाऊन बोलली का? नाही बोलली. तिचाही ताठा कमी नव्हता. "विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती संहिताला फोनवर म्हणाली. "विचारलंच नाही न त्यायनं. मग मी काहून सांगू?" संहिता ही तिची शिष्या, एका पेइंग गेस्ट खोलीत आणखी तिघींबरोबर राहून हाच धंदा शिकणारी पोरगी.

मंगळवार उजाडला. सहा वाजले. चौघं जमले. वल्लरीने आवाज खाली आणला. सोनकुंडच्या दफ्तरखान्यात खेळाडू मध्यरात्री अडकलेत, कागदांच्या गठ्ठ्यांमागून काहीतरी हलतंय. साबुदाण्यात हात गेला. "ते आता तुमच्या फार जवळ आहे," ती म्हणाली. "ते विचारतंय, माझं नाव कुठल्या पानावर आहे?"

बाहेर दाराला कान लावलेला होता, तो आता राहवेना; धाडकन दार उघडलं. दत्तोपंत. अंगात बनियन, हातात चिमटा. मागे शारदाकाकू, हातात लिंबू.

"कोण आहे इथे?" दत्तोपंत गरजले. "कुणाचं नाव मागता? कुणाच्या परवानगीने दफ्तरखान्यात शिरलात? हू हॅज परमिटेड धिस?"

माइक चालू होता. पलीकडे चार जणांचा श्वास अडकला. मग डेल हळूच म्हणाला, "सर, आम्ही... आम्ही फक्त एक कागद शोधतोय."

दत्तोपंतांनी पडद्याकडे पाहिलं. चार गोरे चेहरे, चारही घाबरलेले, आणि त्यांच्याकडे बघून 'सर' म्हणणारे. तेरा वर्षांत त्यांना कुणी या आवाजात सर म्हटलं नव्हतं.

वल्लरीने अर्ध्या क्षणात ओळखलं. श्वास ओळखायची विद्याच होती तिची. तिने माइक बंद न करता हळूच मराठीत सांगितलं, "काका, हे लोक एका संस्थानच्या रेकॉर्ड रूममध्ये अडकलेत. एकोणीसशे सव्वीस साल. कुणाला गठ्ठे कसे लावतात तेच माहीत नाही. खेळ आहे. बसता?"

"खेळ?"

"खेळ."

"आणि तो मेला कोण विहिरीत पडला तो?"

"तो बघा, उजवीकडचा. चॉकलेट खातोय."

डेलने हात हलवला. शारदाकाकूंनी नकळत लिंबू हलवून उत्तर दिलं.

दत्तोपंत खुर्चीच्या टोकावर बसले, तेही चिमटा मांडीवर घेऊन. "व्हॉट पेपर डू यू रिक्वायर?" त्यांनी विचारलं. मार्गारेट म्हणाली, त्या जास्तीच्या घराचा. "साल? परगणा? मौजा? अर्ज केलाय का? अर्जाशिवाय कागद शोधताय? मग मिळणार कसा! काइंडली बी सीटेड. कशालाही हात लावायचा नाही." आणि वडिलांकडून उचललेल्या त्या जुन्या, खळ लावलेल्या कचेरी इंग्रजीत त्यांनी पाऊण तास चौघांना दफ्तर कसं वाचावं ते शिकवलं. गोष्टीतल्या खानेसुमारीचा कागद पडद्यावर होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही एंट्री बघा. शाई वेगळी आहे. नंतर घुसवलेली. कुणीतरी आतला माणूस मिळालेला आहे."

ही शाई वल्लरीनेच आठ महिन्यांपूर्वी वेगळी काढली होती. चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. ती जागच्या जागी उडाली.

खेळ संपला तेव्हा मार्गारेटने विचारलं, "हा नट तू कुठून आणलास? इतका अस्सल सव्वीस सालातला माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"खालच्या मजल्यावरून," वल्लरी म्हणाली.

दत्तोपंत उठले. घसा साफ केला. "इंगोले बाई, नोटीस कायम आहे. मात्र हे प्रकरण निकाली निघेपर्यंत तिला स्थगिती देतो." दाराशी वळून म्हणाले, "पुढची तारीख?"

"मंगळवार, काका. सहा."

"हाओ. मी पाच पन्नासला येतो."

आले. दाढी करून, शर्ट खोचून, बगलेत फाइल घेऊन. वल्लरीने त्यांना पात्र बनवून दिलं: वासुदेवराव, संस्थानचा दफ्तरदार. पात्राच्या कागदावर कुस्ती पाच, बंदूक शून्य, कचेरीची रीत पंच्याऐंशी. बाकीचे फासे पडद्यावर टाकायचे. दत्तोपंतांना ते मान्य नव्हतं. "मशीन काय, काहीही आकडा काढेल. मी हातानेच टाकणार." मग त्यांच्यासाठी दहा बाजूंचे दोन खरे फासे आले, एक दशकाचा, एक एककाचा. ते स्टीलच्या ताटलीत पडायचे, आणि आकडा वल्लरी मोठ्याने सांगायची.

शारदाकाकू दुसऱ्या मंगळवारी नुसत्या बघायला आल्या आणि साबुदाण्याचा हात बघून त्यांना राहवलंच नाही. "सरक गं. असा नाही. भिजला किती वेळ? दोनच तास? मग कसला आवाज येणार, दगड! रात्रभर हवा, वरून ताकाचा हबका." त्या मंगळवारी भिंतीतून जे सरपटत आलं ते ऐकून डेलने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. काकू इतक्या खूश झाल्या की साबुदाण्याची तिथल्या तिथे खिचडी टाकली, आणि ओहायोला वास पोचत नाही याची त्यांना मनापासून हळहळ वाटली. तिसऱ्या मंगळवारी त्या घरून आणखी तीन भांडी घेऊन आल्या. "ह्या पितळी गडव्यात तोंड घालून बोललं तर बघ कसं वाटतं," म्हणाल्या, आणि स्वतःच बोलल्या. दत्तोपंत खुर्चीवरून उठले. "अहो, तुम्ही आहात होय," म्हणून परत बसले.

जिन्याखाली आता भलतीच बातमी पसरली होती. इस्त्रीवाल्याने विचारलं, "भिया, ऊपर क्या चल रिया है?" दत्तोपंत म्हणाले, "न्यायप्रविष्ट प्रकरण है. कुछ बोल नहीं सकता."

आणि शेवटचा मंगळवार जवळ आला. नोटीस अजून कायम होती. दत्तोपंत तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते आणि वल्लरी विचारत नव्हती. संहिताचा फोन आला.

"ताई, लांबव ना गोष्ट! प्रकरण संपेपर्यंत स्थगिती आहे ना? मग संपवूच नको. एक तळघर काढ. त्याच्या खाली आणखी एक. दोन वर्षं आरामात."

वल्लरीला हे सुचलं नव्हतं असं नाही. तीन दिवस तेच डोक्यात होतं. पण ती भडकली. "अन् मार्गारेटला काय सांगू? खोलीसाठी तुझा शेवट अडवून ठेवला? गोष्ट संपली की संपली. खोटं तळघर काढणाऱ्यानं हे काम करू नये, भाजी विकावी. अन् भाजीतही नको, लोक मारतील."

शेवटच्या मंगळवारी दत्तोपंत पाच चाळीसलाच आले.

खेळाडूंचा बेत सरळ होता: सगळं दफ्तर जाळायचं. कागद नाही तर ते घर नाही, ते घर नाही तर तेही नाही. डेलने रॉकेलचा डबा उचलला. वल्लरी आतून हळहळली, कारण तिला माहीत होतं की जाळलं तर ते कागदातून सुटणार. पण सांगणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं.

"थांबा," वासुदेवराव म्हणाले. म्हणजे दत्तोपंत म्हणाले, पण त्या क्षणी दोघांत काही फरक उरला नव्हता. "नष्ट करायला वरिष्ठांची मंजुरी लागते. आणि जो कागद नष्ट केला, त्याचीच मागणी दुसऱ्या दिवशी येते, हा माझा अडतीस वर्षांचा अनुभव आहे. जाळायचं नाही."

"मग काय करायचं, सर?" डेलने विचारलं.

दत्तोपंतांनी बगलेतली फाइल उघडली. खरोखर नोटशीट लिहून आणली होती. "ते बाहेर यायला कशाची वाट बघतंय? आपल्या नावावर सही होण्याची. म्हणजे ते अर्जदार आहे. अर्जदाराला नकार दिला तर तो अपील करतो. मंजुरी दिली तर आपण मेलो. म्हणून दोन्ही द्यायचं नाही. फाइल दुसऱ्या खात्याकडे अभिप्रायासाठी पाठवायची. ते खातं तिसऱ्याकडे पाठवील. तिसरं त्रुटी काढून परत करील. मग पुन्हा पहिल्यापासून." त्यांनी चष्म्याशिवाय पडद्याकडे पाहिलं. "ते चांदण्यांहून जुनं असेल. असू दे. आमच्या फाइलीपुढे चांदण्यांचं काय घेऊन बसलात."

मग मार्गारेट हसायला लागली. डेल टेबलावर हात आपटायला लागला. वल्लरीने दोन वर्षं हा राक्षस रचला होता. त्याला मारायच्या सात वाटा तिने स्वतः लिहून ठेवल्या होत्या. ही आठवी होती, आणि त्या सातींपेक्षा चांगली होती.

"पण काका, फासे टाकावे लागतील," ती म्हणाली. "कचेरीची रीत, पंच्याऐंशी. त्याच्या आत आला तर फाइल गेली आणि तुम्ही मोकळे. वर गेला तर फाइल जाईल, पण जावक वहीत सही करणारा तिच्याबरोबर जाईल."

दत्तोपंतांनी फासे मुठीत घेतले, कपाळाला लावले, ताटलीत टाकले. खणखण झाली आणि थांबली.

"किती?" ते म्हणाले. "चष्मा खाली राहिला बहुतेक. सांगा तुम्हीच."

अठ्ठ्याऐंशी.

पडद्यावरच्या कुणाला ताटली दिसत नव्हती. काकू गडवा पुसत होत्या. शून्य आठ म्हटलं असतं तर वासुदेवराव जिंकले असते, म्हातारा खूश होऊन खाली गेला असता आणि ती खोली, तो जिना, खालचे पोहे, सगळं तिचं राहिलं असतं. तिला वाशिमचा बंद पडलेला पंखा दिसला.

"अठ्ठ्याऐंशी, काका. गेले."

वल्लरीने मग पुढचं सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. वासुदेवराव सही करतात. फाइल उघडते, त्यात टेबलांची रांग दिसते, एका टेबलापुढे दुसरं, नजर पोचेल तिथवर. ते तोंड नसलेलं फाइलीत शिरतं. वासुदेवराव टोपी सारखी करतात, फाइल बगलेत घेतात आणि पहिल्या टेबलाकडे चालू लागतात. सोनकुंडवर सकाळ होते. खानेसुमारीत घरं मोजून बरोबर भरतात.

मार्गारेटने डोळे पुसले. दत्तोपंत ताटलीकडे बघत होते.

"एक शंका आहे," शेवटी ते म्हणाले. "हा वासुदेवराव ती फाइल घेऊन फिरत राहणार. रिटायर कधी होणार?"

"कधीच नाही, काका."

"कधीच नाही?"

"रोज दहा वाजता हजर. जग आहे तोवर."

दत्तोपंतांचा चेहरा असा फुलला की काकूंनी गडवा खाली ठेवला. "शारदे, ऐकलंस?" ते म्हणाले. "रिटायरच नाही!" आणि मोठमोठ्याने हसत, पडद्यावरच्या चौघांना हात जोडून, चौदा पायऱ्या उतरून गेले. नोटिशीचं काही न बोलता.

वल्लरी पसारा आवरायला लागली. काकू जाता जाता भांडी गोळा करत म्हणाल्या, "चष्मा खाली राहिला म्हणे. खिशातच होता. तू विचारात हरवली होतीस तेव्हा ताटलीत मान घालून बघितलं ना त्यांनी, तू सांगायच्या आधी."

तासाभराने दाराच्या फटीतून कागद आला. जुनीच नोटीस, समासात हिरव्या शाईत शेरा: 'प्रकरण निकाली. नोटीस रद्द. भाडेकरू आकडा खरा सांगते, अशी व्यक्ती या कार्यालयास अडतीस वर्षांत क्वचितच आढळली. अट एकच: पुढील खेळात अर्जदारास जागा मिळावी. पात्र तरुण असल्यास हरकत नाही.' खाली सही, तारीख, जावक क्रमांक. आणि काकूंच्या अक्षरात एक ओळ: राक्षसांचं खातं माझ्याकडे.

हे झालं वल्लरीचं. आता टाकळकरांच्या वरच्या खोलीत मंगळवारी सात जण जमतात, तिघं खोलीत आणि चौघं पडद्यावर, आणि व्हरांड्यातली खुर्ची त्या दिवशी रिकामी असते.

पण संहिता अजून त्या पेइंग गेस्टात आहे. तिने स्वतःचं पहिलं टेबल सुरू केलंय, बाथरूममध्ये बसून, कारण बाकीच्या तिघी झोपलेल्या असतात. बावीस वर्षांची आहे, एकटी आहे, भाडं वेळेवर देते, कचरा वेगळा करते, आणि सकाळी सहाला किंचाळते. तुमच्या घरी वरची खोली रिकामी असेल, तुकोगंजात, पलासियाला, खजराण्याकडे, कुठेही, तर तिला द्या. आडनाव विचारू नका. आणि वरून आवाज आला की दलालाला फोन करू नका, चौदा पायऱ्या चढा, दार वाजवा आणि विचारा, "बाई, काय चाललंय हो? मी बसू का?"